पहिल्या नियमाची बाजू

न्यूटनच्या गतिनियमांविषयी शिकलेल्या माणसांत एक समजूत अशी रुजली आहे की तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. तीन नियमांत खरा नियम दुसरा: बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण. गणिते त्याच्यावर सुटतात, गुण त्याच्यावर मिळतात. तिसरा नियम भाषणांत आणि दंगलींच्या समर्थनात वापरायला सोयीचा. आणि पहिला? तो दुसऱ्याचाच एक किरकोळ प्रकार. बल शून्य धरा, त्वरण शून्य येते, म्हणजे थांबलेली वस्तू थांबलेली राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. एका ओळीत विषय संपला.

हा लेख या समजुतीच्या विरोधात आहे. माझे म्हणणे असे की पहिला नियम दुसऱ्याचे पोटकलम नाही. तो काढून घेतला तर दुसऱ्या नियमातले तिन्ही शब्द, म्हणजे बल, वस्तुमान आणि त्वरण, हवेत लोंबकळतात आणि समीकरण नुसती अक्षरांची मांडणी उरते. हे तीन टप्प्यांनी दाखवता येते. पहिला नियम कशाला नकार देतो, जगाकडे कुठून पाहायचे हे तो कसे ठरवतो, आणि एवढे झाल्यावरच बल व वस्तुमान या शब्दांत अर्थ कसा भरतो. वाटेत आक्षेप येतील. त्यांतला एक तर इतका वजनदार आहे की त्याने मोठमोठ्यांना अडवले आहे.

१. नकार कशाला आहे

भाजीची हातगाडी ढकलणे थांबवले की गाडी थांबते. दळणारीचा हात सुटला की जाते थांबते. रोजचा अनुभव एकच गोष्ट बजावतो: गती हवी असेल तर कारण चालू ठेवावे लागते. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ऍरिस्टॉटलने या अनुभवालाच शास्त्राचे रूप दिले. जड वस्तू खाली येतात ती त्यांची स्वाभाविक गती. बाकीची गती लादलेली, आणि लादणारा बाजूला झाला की ती संपली पाहिजे. हे भोळेपणाचे बोलणे नव्हते. घर्षणाने भरलेल्या जगाचे ते प्रामाणिक वर्णन आहे. अडचण एकाच ठिकाणी येत होती. हातातून सुटलेल्या दगडाला पुढे कोण ढकलते? ऍरिस्टॉटलने ते काम हवेवर सोपवले, आणि तेव्हापासून हा दगड त्याच्या शास्त्राच्या बुटात खडा होऊन बसला.

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसने आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या झाँ ब्युरिदाँने वेगळा तोडगा सुचवला. फेकणारा माणूस दगडातच काहीतरी ठेवतो. ब्युरिदाँने त्याला ‘इम्पेटस’ म्हटले. आपण ‘रेटा’ म्हणू. हा रेटा दगडाला नेत राहतो, आणि हवेचा अडथळा व दगडाचा जडपणा त्याला हळूहळू खाऊन टाकतात. कल्पना हुशारीची आहे, पण नीट पाहा: प्रश्न ऍरिस्टॉटलचाच आहे. गती चालू राहण्याचे कारण काय? ते आधी बाहेर होते, आता आत आले, एवढाच फरक.

पहिला नियम या प्रश्नालाच नकार देतो. एकाच दिशेने एकाच वेगाने चालणे ही, तो म्हणतो, थांबून राहण्यासारखीच अवस्था आहे. थांबलेल्या दगडाला ‘तू थांबून का राहिलास’ असे कोणी विचारत नाही. तसेच चालणाऱ्यालाही विचारू नये. विचारायचे ते वेग बदलला तर, किंवा दिशा बदलली तर. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गॅलिलिओने उतारांचा जो युक्तिवाद मांडला त्याची अर्धी वाट कॅरम खेळणाऱ्याला पायाखालची असते. पावसाळ्यात दमट झालेल्या बोर्डावर स्ट्रायकर मध्येच अडतो. पावडर भुरभुरली की तेवढ्याच टिचकीने तो पलीकडच्या कडेला आपटून परत येतो. टिचकी बदलली नाही, अडवणारे घटले. अडवणारे आणखी घटवत गेलो तर? बोर्ड तिथे संपतो आणि पुढचे पाऊल मनानेच टाकावे लागते. १९७७ साली सुटलेले व्हॉयेजर १ यान आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे, आणि या चालण्यासाठी त्याचे कोणतेही इंजिन जळत नाही. सूर्याची ओढ त्याला किंचित मागे खेचते. तेवढाच काय तो बदल.

सरळ रेषेची अटही अशीच सहज घशाखाली उतरणारी नाही. गॅलिलिओच्या विचारात पृथ्वीला समांतर राहणारी गती, म्हणजे शेवटी वर्तुळातली गती, आपोआप टिकणारी होती. सरळ रेषेचा स्पष्ट आग्रह देकार्तने १६४४ मध्ये धरला. मळ्यातल्या माचाणावरून पाखरे हाकणाऱ्या राखणदाराला गोफणीची एक दोरी नेमकी केव्हा सोडायची हे हाताला ठाऊक असते, कारण सुटलेला दगड वर्तुळ पुढे चालवत नाही. सुटण्याच्या क्षणी ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने निघतो. दगडाला वर्तुळात फिरण्याची हौस कधी नव्हतीच. दोरी त्याला क्षणोक्षणी आत ओढत होती.

हे सगळे जुने झाले असे वाटत असेल तर एक साधा प्रश्न विचारून पाहावा. वर उडवलेले नाणे हातातून सुटले आहे आणि अजून वर चालले आहे. त्याच्यावर कोणती बले आहेत? हवा सोडली तर उत्तर एकच आहे: पृथ्वीची खालची ओढ. १९८२ साली जॉन क्लेमेंटने अमेरिकेतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न घातला, तेव्हा बहुतेकांनी त्या नाण्यावर वर नेणारे हाताचे बलही दाखवले. ही मुले दुसऱ्या नियमावरची गणिते करू शकत होती. त्यांच्या डोक्यात मात्र ब्युरिदाँचा रेटा सुखाने नांदत होता, कारण समीकरण त्याला घराबाहेर काढत नाही. ते काम पहिल्या नियमाचे आहे, आणि तोच एका ओळीत उरकलेला असतो.

वराहमिहिराचे पक्षी

हा नकार नसेल तर बुद्धिमान माणूसही कुठे अडतो, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. आर्यभटाने ४९९ साली लिहिलेल्या ग्रंथात पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे सांगितले आणि नावेचा दाखला दिला: पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. दाखला अचूक आहे. तरी सहाव्या शतकात वराहमिहिराने हे मत नाकारले, आणि ब्रह्मगुप्तानेही त्यावर टीका केली. वराहमिहिराचा आक्षेप पक्ष्यांचा होता. पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी पुन्हा घरट्यात कसे पोचले असते?

या आक्षेपाला हसण्यापूर्वी थोडा हिशेब करावा. उज्जैनच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ४२७ मीटर सरकते. पक्षी मिनिटभर हवेत राहिला तर तेवढ्यात झाड पंचवीस किलोमीटरांहून थोडे अधिक पुढे गेले पाहिजे. ज्याला गती टिकवण्यासाठी कारण लागते असे वाटते त्याच्या दृष्टीने, फांदीवरून पाय सुटताक्षणी पक्ष्याचा पूर्वेकडचा वेग संपायला हवा. वराहमिहिराची तर्कशुद्धता निर्दोष होती. त्याच्या हाताशी नव्हता तो पहिला, म्हणजे जडत्वाचा, नियम. आर्यभटाच्या दाखल्यात दिसण्याचे उत्तर होते, पण पक्षी मागे का पडत नाही याचे नव्हते. हजार वर्षांनी कोपर्निकसलाही युरोपात मनोऱ्यावरून टाकलेल्या दगडाच्या रूपाने हाच आक्षेप ऐकावा लागला. गॅलिलिओने १६३२ साली जहाजाच्या बंद खोलीत उडणारी फुलपाखरे आणि ठिबकणारे पाणी दाखवून त्याला उत्तर दिले, आणि १६४० साली गासेंदीने मार्सेय बंदरात चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड टाकून दाखवला. दगड डोलकाठीच्या पायथ्याशीच पडला. कोणतेही नवे समीकरण न मांडता, केवळ पहिल्या नियमाच्या आधाराने, पृथ्वीला फिरायची मोकळीक मिळाली. पोटकलमाच्या अंगी एवढे बळ नसते.

२. कुठून पाहायचे

आता मुख्य आक्षेपाला सामोरे जाऊ. ‘इतिहास काहीही असो, गणिताने तर पहिला नियम दुसऱ्यातून निघतोच ना? बल शून्य, म्हणून त्वरण शून्य.’

उत्तर एसटीत उभे राहून शोधावे. बस ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने चालली आहे आणि चालकाने दोन सेकंदांत ती थांबवली. प्रवाशाच्या हाताशी दांडी नाही आणि पायाखालची फरशी गुळगुळीत आहे असे धरा. बसमधल्या माणसाला तो सेकंदाला पाच मीटर या दराने वाढत्या वेगाने पुढे जाताना दिसेल. त्याचे वस्तुमान ६० किलो असेल तर समीकरण म्हणते की त्याच्यावर ३०० न्यूटन एवढे बल पुढच्या दिशेने आहे. हे बल कोणाचे? पाठीमागे कोणी नाही. दोर नाही, चुंबक नाही. बल आढळत नाही पण त्वरण मात्र आहे. म्हणजे ब्रेक लागलेल्या बसमधून मोजमाप केले तर दुसरा नियम चक्क खोटा ठरतो. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला मात्र कोडेच पडत नाही: प्रवासी आपल्या वेगाने सरळ चालत राहिला, थांबली ती बस.

म्हणजे दुसरा नियम सगळीकडून पाहिल्यावर खरा नसतो. तो काही विशिष्ट ठिकाणांहून मोजमाप केल्यावरच खरा असतो. ती ठिकाणे कोणती? जिथून पाहिल्यावर बलमुक्त वस्तू एका वेगाने सरळ जाते ती. हेच तर पहिल्या नियमाचे विधान आहे. १८८५ साली लुडविग लांगे या जर्मन विद्वानाने अशा ठिकाणाला ‘जडत्वीय’ संदर्भचौकट हे नाव दिले, आणि पहिल्या नियमाचा आशय उघड झाला: अशी एक तरी चौकट अस्तित्वात आहे. हे अस्तित्वाचे विधान आहे, आणि ते समीकरणात शून्य भरून मिळत नाही. समीकरण वापरायला घेतले त्याच क्षणी आपण ते न बोलता गृहीत धरलेले असते. स्वतःच्याच पायावर उभ्या असलेल्या इमारतीतून तो पाया ‘सिद्ध’ करून दाखवावा, तसा हा प्रकार आहे.

या ठिकाणी गोंधळ किती खोल असतो हे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी १९९४ साली तपासले होते. संदर्भचौकट म्हणजे प्रत्यक्ष एखादी वस्तू, आणि ती वस्तू जिथे संपते तिथे चौकटही संपते, अशी समजूत पदवीच्या विद्यार्थ्यांत त्यांना आढळली. बसची चौकट म्हणजे बसचे पत्रे! आश्चर्य वाटायला नको. चौकट निवडायला लावणारा नियमच ज्यांना किरकोळ म्हणून सांगितला गेला, त्यांनी चौकट कुठे शोधायची?

बरे, रस्त्याच्या कडेचा माणूस तरी अगदी योग्य ठिकाणी उभा आहे का? पुण्यात आयुका या संशोधन संस्थेच्या आवारात फूकोचा लंबक आहे. त्याच्या झोक्याची पातळी हळूहळू वळत जाते. पुण्याच्या अक्षांशावर पूर्ण फेरा व्हायला सुमारे ७५ तास लागायला हवेत. लंबकाला बाजूला ढकलणारे काहीच नाही. त्याच्याखालची जमीन फिरते आहे. म्हणजे जमीनही काटेकोर अर्थाने जडत्वीय चौकट नाही, फक्त रोजच्या कामापुरती चालते. पॅरिसमध्ये १८५१ साली फूकोने हे दाखवले तेव्हा पृथ्वी फिरते याबद्दल विद्वानांना शंका उरलेली नव्हती. नवे होते ते हे की आकाशाकडे न पाहता, बंद इमारतीत, केवळ पहिल्या नियमाच्या कसोटीवर ते कळू शकते.

३. ‘हे तर वर्तुळ झाले’

इथे तो वजनदार आक्षेप येतो. ‘बलमुक्त वस्तू कशी ओळखायची? ती सरळ, एका वेगाने जाते म्हणून. ती सरळ, एका वेगाने जाते हे कुठून पाहायचे? जिथून बलमुक्त वस्तू तशी दिसते तिथून. ही तर स्वतःचेच शेपूट धरणारी व्याख्या आहे. शिवाय पूर्ण बलमुक्त वस्तू कोणी पाहिली आहे?’

आक्षेप खरा आहे आणि त्याला उडवून लावता येत नाही. पण त्याची धार जेवढी दिसते तेवढी नाही, याची दोन कारणे आहेत. पहिले कारण लांगेनेच दिले. समजा, एकाच बिंदूतून तीन मोकळे कण वेगवेगळ्या दिशांना सोडले. ते तिघेही सरळ जाताना दिसतील अशी चौकट शोधता येते. इथपर्यंत ती नुसती व्याख्या आहे, मान्य. आता चौथा कण सोडा. त्याच चौकटीतून तोही सरळच जाईल असे कोणतीही व्याख्या सांगू शकत नाही. तो जातो, पाचवाही जातो, सहावाही. तिघांपर्यंत आपण शब्द ठरवत होतो. चौथ्यापासून सृष्टीबद्दल बोलू लागलो, आणि ते बोलणे चुकू शकले असते.

दुसरे कारण बलांच्या स्वभावात आहे. खऱ्या बलाला मालक असतो. स्प्रिंग, दोरी, चुंबक, टेबलाचा पृष्ठभाग: ज्या वस्तूमुळे बल येते ती दाखवता येते, दूर नेता येते, आणि ती दूर गेली की बहुतेक बले घटतात. म्हणून इतरांपासून पुरेशी दूर असलेली वस्तू जवळजवळ बलमुक्त, असे चौकट ठरवण्याआधीही म्हणता येते. पूर्ण बलमुक्त वस्तू कोणी पाहिली नाही हे खरे. जाडी नसलेली रेषाही कोणी काढलेली नाही, तरी सातबाऱ्यावरच्या बांधाचा वाद भूमितीनेच मिटवावा लागतो. ब्रेक लागलेल्या बसमधल्या त्या ३०० न्यूटनला मात्र मालक सापडत नाही. त्याची आणखी एक खूण आहे: प्रवासी दुप्पट वस्तुमानाचा असता तर ते बलही आपोआप दुप्पट झाले असते, ६०० न्यूटन. बसमधली प्रत्येक वस्तू, पिशवी असो की पैलवान, पुढे जाते ती सेकंदाला पाच मीटर याच दराने वाढत्या वेगाने. ज्याला मालक नाही आणि जे वस्तुमानाच्या बरोबर प्रमाणात येते, त्याला आभासी बल म्हणतात. ही दुसरी खूण लक्षात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

४. जड म्हणजे भारी नव्हे

चौकट ठरली की मगच वस्तुमानाबद्दल बोलता येते, आणि इथे आपली भाषा आपल्याला एक लबाड मदत करते. मराठीत ‘जड’ म्हणजे भारी. त्यामुळे जडत्व म्हणजे वजनदारपणा, असा अर्थ कानाला आपोआप लागतो. त्यात बाजारात आपण किलोला वजन म्हणतो. युरोपातला शब्दही काही निर्मळ नाही. ‘इनर्शिया’ म्हणजे लॅटिनमध्ये आळस. केप्लरने तो भौतिकशास्त्रात आणला तेव्हा त्याच्या मनात वस्तूची थांबण्याची ओढ होती, म्हणजे आजच्या अर्थाच्या जवळपास उलट. न्यूटननेही १६८७ च्या ‘प्रिन्किपिया’त तिसऱ्या व्याख्येत जडत्वाला एक प्रकारचे बलच म्हटले आहे. जुन्या प्रश्नाची पाळेमुळे नवे उत्तर देणाऱ्याच्या भाषेतही शिल्लक होती.

जडत्व हे बल नाही आणि वजनही नाही. अंतराळस्थानकात वजनकाटा निरुपयोगी ठरतो, कारण काटा आणि माणूस दोघेही सोबतच पडत असतात. तरी १९७३ साली स्कायलॅबवरच्या अंतराळवीरांचे वस्तुमान नियमित मोजले जात होते. स्प्रिंगला जोडलेल्या आसनावर बसायचे, आसन झोके घेऊ लागते, आणि एका झोक्याला किती वेळ लागतो ते पाहायचे. वस्तुमान जास्त तर झोका सावकाश. तिथे मोजली जाते ती वेग बदलू देण्याची नाखुशी. वजन गेले, नाखुशी तशीच राहिली.

पण ‘वस्तुमान म्हणजे बल भागिले त्वरण आणि बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण’ असे म्हणून भागत नाही. एका समीकरणातून दोन अज्ञात गोष्टींची व्याख्या कशी होणार? दुसरा नियम ही बलाची नुसती व्याख्या आहे, असे म्हणणारे याच फटीत बोट घालतात. एर्न्स्ट माखने १८८३ साली या फटीतून वाट काढली, ती तिसऱ्या नियमातून. दोन ढकलगाड्यांमध्ये दाबलेली स्प्रिंग ठेवून सोडा. एक सेकंदाला दोन मीटर वेगाने डावीकडे गेली आणि दुसरी एक मीटर वेगाने उजवीकडे, तर दुसरीचे वस्तुमान पहिलीच्या दुप्पट. इथे बल मोजावेच लागले नाही; दोन वेगांचे गुणोत्तर पुरले. व्याख्या एवढ्यावर संपते आणि निसर्गाचा भाग सुरू होतो. स्प्रिंगऐवजी चुंबक लावला, दोरी लावली, तरी गुणोत्तर तेच येते. पहिली आणि दुसरी, दुसरी आणि तिसरी यांची गुणोत्तरे काढली तर पहिली आणि तिसरी यांचे गुणोत्तर न मोजता सांगता येते, आणि मोजल्यावर ते बरोबर निघते. तसे निघालेच पाहिजे असा तर्काचा कोणताही आदेश नव्हता. अर्थात, हे दोन्ही वेग मोजायचे ते जडत्वीय चौकटीतूनच. ब्रेक लागलेल्या बसमध्ये हा प्रयोग केला तर गुणोत्तर वाटेल ते येईल. पहिला नियम पुन्हा दाराशी उभाच आहे.

तिसऱ्या नियमाबद्दल इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण भाषणबाजीने त्याची पार दशा केली आहे. क्रिया आणि प्रतिक्रिया ही बले दोन वेगळ्या वस्तूंवर असतात आणि एकाच क्षणी असतात. आधी एक आणि मग सूड म्हणून दुसरे, असे काही त्यात नाही. बैल गाडीला जेवढ्या बलाने ओढतो तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते, तरी गाडी चालते, कारण गाडीचे काय होणार हे गाडीवरच्या बलांनी ठरते आणि बैलाचे काय होणार हे त्याच्या खुरांना जमीन किती पुढे रेटते यावर. रस्सीखेचीत म्हणूनच दंडापेक्षा तळपाय महत्त्वाचे.

कणादांना हे ठाऊक होते का?

न्यूटनचे नियम कणादांच्या वैशेषिक दर्शनात आधीच होते असे ठासून सांगणारा एक पक्ष आहे. त्याला उत्तर देताना दर्शनाची थोरवी कमी करण्याची गरज नाही. नीट वाचले म्हणजे पुरे. वैशेषिकांनी बाणाच्या गतीचा विचार खरोखर बारकाईने केला. धनुष्याच्या दोरीच्या रेट्याने बाणाची पहिली हालचाल होते, त्या हालचालीतून बाणात ‘वेग’ नावाचा संस्कार उत्पन्न होतो, तो पुढच्या हालचाली घडवतो, आणि संस्कार उरला नाही की गुरुत्वामुळे बाण पडतो. हे ऍरिस्टॉटलच्या हवेपेक्षा पुष्कळ सरस आहे. पण ही ब्युरिदाँच्या गावची वस्ती आहे, न्यूटनच्या नाही. इथे गतीला आतून चालवणारे कारण आहे, आणि ते संपल्यावर गुरुत्वाची पाळी येते. पहिल्या नियमाप्रमाणे बाणाच्या पुढे जाण्याला कारणच नाही, आणि गुरुत्व दोरी सुटल्या क्षणापासून काम करत असते, पाळीची वाट पाहत नाही. ‘बल, वेग, गुरुत्व’ हे शब्द सापडले म्हणजे नियम सापडले, असे मानणाऱ्यांना नियम म्हणजे शब्दांची यादी वाटत असावी. समीकरण म्हणजेच नियम असे मानणाऱ्यांहून ते फार वेगळे नाहीत.

५. तोच आकडा दोनदा

शेवटचा आक्षेप असा: ‘आइन्स्टाइनने न्यूटन मागे टाकला. मग कोणता नियम मूळ आणि कोणता उपनियम, याची चर्चा कशाला?’ गंमत अशी की माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आइन्स्टाइनच आहे.

वस्तुमान दोन ठिकाणी येते. एक, वेग बदलू देण्याची नाखुशी म्हणून; दोन, गुरुत्वाच्या ओढीचे माप म्हणून. हे दोन आकडे एकच असावेत असे न्यूटनच्या नियमांत कुठेही म्हटलेले नाही. ते एकच आहेत म्हणून हातोडा आणि पीस निर्वात जागेत सोबत पडतात. १९७१ साली डेव्हिड स्कॉटने चंद्रावर ते करून दाखवले. न्यूटनला हा योगायोग खटकला होता. त्याने सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू असे नऊ पदार्थ भरून लंबक झुलवले. हजारात एका भागाइतकाही फरक आढळला नाही. नंतर भौतिकशास्त्रज्ञ एओटव्होशच्या पिळाच्या तराजूने ही खातरी काही कोटींत एका भागापर्यंत नेली. २०१६ साली सोडलेल्या ‘मायक्रोस्कोप’ या फ्रेंच उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंची नळकांडी वापरून ती एकावर पंधरा शून्ये लिहून होणाऱ्या संख्येत काही भागांपर्यंत पोचवली. फरक अजून सापडलेला नाही.

आता ती बसमधली खूण आठवावी. जे बल वस्तुमानाच्या बरोबर प्रमाणात येते, ज्याच्यामुळे पिशवी आणि पैलवान एकाच दराने सरकतात, ते आभासी असल्याचा संशय घ्यावा. गुरुत्वही तसेच वागते. १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत काम करणाऱ्या आइन्स्टाइनने हाच संशय घेतला: छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचे वजन जाणवत नाही. मग तोच मोकळा आणि आपण, जमिनीने वर रेटलेले, बांधलेले, असे का म्हणू नये? १९१५ साली पूर्ण झालेल्या त्याच्या सिद्धांताची सुरुवात दुसऱ्या नियमाच्या डागडुजीने झाली नाही. त्याने पहिला नियम उचलला आणि ‘बलमुक्त’ या शब्दाचा अर्थ बदलला.

देठाला लोंबणाऱ्या हापूसच्या आंब्याकडे पाहा. न्यूटनच्या हिशेबात त्याच्यावर दोन बले आहेत, पृथ्वीची खाली आणि देठाची वर. बेरीज शून्य, म्हणून तो स्थिर. देठ तुटला की एकच उरते आणि आंबा त्वरणाने खाली येतो. आइन्स्टाइनच्या हिशेबात लोंबणाऱ्या आंब्यावर एकच खरे बल आहे, देठाचे, आणि तेच त्याला त्याच्या मोकळ्या मार्गावरून सतत बाजूला खेचत असते. देठ तुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा सेकंदभर काय तो आंबा मोकळा. आंबा तोच, मोजमाप तेच, आणि बल व त्वरण यांचे नातेही दोघांना मान्य. वाद एवढाच आहे की या दोन आंब्यांपैकी पहिला नियम कोणाला लावायचा.